हलती पाने कशाने बांधावीत?

पट्टी सरकवली की दोलकाची दोरी लांब होते, झोका मंदावतो आणि शेजारच्या चौकटीत दोलनकालाचा आकडा बदलतो. ब्राउझरमध्ये उघडणारी अशी पाने आता वर्गात नवलाची राहिलेली नाहीत. तयार मिळतात तोवर सगळे ठीक असते. आपल्या धड्याला हवे तसे पान आपणच बांधायचे म्हटले, की पहिला प्रश्न येतो तो अवजारांचा. जेक्वेरी, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू, स्वेल्ट, अँग्युलर, पी-फाइव्ह, जेएसएक्सग्राफ अशी नावे कानांवर येतात. ही सारी मुक्तस्रोत आहेत. म्हणजे ती फुकट मिळतात एवढेच नव्हे, तर त्यांच्या आतला मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. प्रत्येकाचे भक्त आहेत आणि प्रत्येक भक्ताजवळ तुलनेचा एक तक्ता तयार असतो : कोण किती वेगवान, कोणाची फाइल किती लहान, कोणत्या बड्या कंपन्या कोणाला वापरतात.

हे तक्ते शाळेच्या फारसे उपयोगाचे नाहीत, असे आमचे मत आहे. ज्याच्या पानावर एका वेळी लाखो लोक येतात त्याला वेगातला बारीक फरक महत्त्वाचा. आपल्याकडे पान बांधणारी व्यक्ती एकच असते, तीही तपासायच्या वह्या बाजूला सारून बसलेली. संगणक कक्षातली यंत्रे जुनी असतात, इंटरनेट कधी असते कधी नसते. पाच वर्षांनी त्या शिक्षकाची बदली झालेली असते आणि पान मात्र चालायला हवे असते. शिवाय एखादी चौकस मुलगी ‘हे आत कसं चालतं?’ असे विचारते. तिला आतले दाखवता आले पाहिजे. या गरजांच्या दृष्टीने अवजारे पारखायची, म्हणून आम्ही दोनच छोटी कामे समोर ठेवली. एक, मुलांनी सरल दोलकाची निरीक्षणे भरायचा तक्ता. दुसरे, खुद्द हलणारा दोलक.

आधी तक्ता घेऊ. प्रत्येक ओळीत दोरीची लांबी आणि वीस दोलनांना लागलेला वेळ भरायचा. त्यावरून दोलनकाल, त्याचा वर्ग आणि गुरुत्वत्वरण आपोआप निघावे, खाली सरासरी यावी, बाजूला आलेखाचे बिंदू पडावेत.

जेक्वेरी ही यातली सर्वांत जुनी. जॉन रेसिग यांनी ती २००६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी निरनिराळ्या ब्राउझरांना एकच गोष्ट सांगायला निरनिराळ्या आज्ञा लागत. जेक्वेरीने हा भेद झाकून टाकला आणि पानावरची वस्तू शोधणे, बदलणे, तिच्यावरची टिचकी ओळखणे सोपे केले. तिने आपला तक्ता करायला बसले, की काम असे होते : या चौकटीतला आकडा बदलला तर त्या चौकटीत अमुक लिही, खालची सरासरी बदल, आलेखातला बिंदू हलव. आज्ञा सरळ आहेत, समजतात. गडबड पुढे होते. एखाद्या मुलाने चुकलेली ओळ काढून टाकली. सरासरी बदलली, पण आलेखातला बिंदू तसाच राहिला, कारण ‘ओळ काढल्यावर बिंदूही काढ’ हे सांगायचे राहून गेले. मग ‘सगळे पुसा’ असे बटण वाढवले. त्यात आणखी एक गोष्ट राहिली. आकडेमोड कुठेच चुकलेली नाही. पानावर एकमेकांवर अवलंबून असलेल्या वस्तू वाढल्या, की सांगायच्या आज्ञा त्याहून वेगाने वाढतात, आणि त्या सगळ्या लक्षात ठेवायची जबाबदारी पान लिहिणाऱ्यावर पडते.

एक्सेलमध्ये निकालपत्रक करणाऱ्या शिक्षकाला हा घोळ विचित्र वाटेल. तिथे आपण बेरजेच्या घरात सूत्र लिहितो आणि मोकळे होतो. गणिताचे गुण बदलले तर बेरीज बदल, टक्केवारी बदल, क्रमांक बदल असे आपण कधी सांगत नाही. कोणते घर कोणावर अवलंबून आहे हे एकदा सांगितले, की बाकीचे पत्रक पाहून घेते.

फेसबुकने २०१३ मध्ये रिअ‍ॅक्ट खुले केले तेव्हा नेमका याच दिशेचा विचार वेब पानांत रुजला. माहिती एका जागी ठेवायची. तिला ‘स्थिती’ म्हणतात. आणि या स्थितीला पान कसे दिसावे एवढेच लिहायचे. स्थिती बदलली की रिअ‍ॅक्ट पानाचा नवा आराखडा स्मृतीत मांडतो, जुन्याशी ताडून पाहतो आणि जिथे फरक पडला तेवढाच भाग प्रत्यक्ष पानावर बदलतो. आपल्या तक्त्यात ओळ काढली म्हणजे यादीतून एक नोंद गेली. सरासरी आणि आलेख त्या यादीवरूनच काढलेले असल्याने ते मागे राहूच शकत नाहीत. हा विचार आम्हाला मोलाचा वाटतो. गणितातल्या फलनाची कल्पना ज्याला समजली त्याला तो लगेच पटतो : पान हे स्थितीचे फलन. बारावीच्या वर्गात फलनाचे उदाहरण म्हणून तो सांगण्यासारखा आहे.

पण विचार चांगला म्हणून अवजार आपल्या सोयीचे, असे होत नाही. रिअ‍ॅक्टचा मजकूर जावास्क्रिप्ट आणि एचटीएमएल यांची सरमिसळ करून लिहिण्याचा प्रघात आहे. तो ब्राउझरला थेट समजत नाही. मध्ये एक भाषांतर करणारा कार्यक्रम लागतो. तो बसवायचा म्हणजे त्याच्या मदतनिसांची फौज आली. एका लहानशा तक्त्यासाठी संगणकावर हजारो फायलींचे खोके तयार होते. या फौजेतला एक शिपाई पळाला तर काय होते ते मार्च २०१६ मध्ये दिसले. लेफ्ट-पॅड नावाचा अवघ्या अकरा ओळींचा कार्यक्रम त्याच्या लेखकाने सार्वजनिक भांडारातून काढून घेतला, आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी अडली. रिअ‍ॅक्टवरचेही त्यांत होते. अक्षरांच्या डावीकडे मोकळ्या जागा भरणे एवढेच त्या अकरा ओळींचे काम होते! नवशिक्याला ही फौज दिसू नये म्हणून २०१६ मध्येच ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे साधन निघाले. किती तरी पाठ्यक्रम त्यावर बेतलेले आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिअ‍ॅक्टच्या चमूने ‘नव्या कामासाठी ते वापरू नका’ असे जाहीर केले.

येथे आमची एक कसोटी सांगतो. तिला आम्ही पेनड्राइव्ह कसोटी म्हणतो. पान आणि त्याला लागणाऱ्या फायली पेनड्राइव्हवर घ्यायच्या, इंटरनेट नसलेल्या संगणकाला तो लावायचा आणि पानावर दोनदा टिचकी मारायची. चालले तर उत्तीर्ण. जेक्वेरी उत्तीर्ण होते. एकच फाइल, शंभर किलोबाइटांच्या आत. रिअ‍ॅक्टच्या जुन्या आवृत्त्यांत अशी थेट जोडता येणारी फाइल मिळे. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या एकोणिसाव्या आवृत्तीपासून ती देणे बंद झाले. त्याऐवजी आधुनिक पद्धतीचे मॉड्यूल घ्या म्हणतात, पण क्रोमसारखे ब्राउझर डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला मॉड्यूल जोडू देत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे. आपल्या संगणक कक्षाच्या दृष्टीने मात्र ते दार बंद झाले.

व्ह्यू या कसोटीला उतरते. इव्हान यू यांनी ते २०१४ मध्ये प्रसिद्ध केले, आणि ‘एक फाइल जोडा, कामाला लागा’ ही वाट त्यांनी तिसऱ्या आवृत्तीतही मोकळी ठेवली आहे. एवढेच नव्हे, तर एक्सेलशी खरे नाते रिअ‍ॅक्टपेक्षा व्ह्यूचे आहे. रिअ‍ॅक्ट बदललेला घटक पुन्हा सगळा मांडून फरक शोधतो. व्ह्यू मात्र कोणती किंमत कोणी वाचली याची नोंद ठेवत जाते, म्हणून दुसऱ्या ओळीतला वेळ बदलला तर कोणती घरे पुन्हा मोजायची हे त्याला आधीच ठाऊक असते. आपला तक्ता व्ह्यूमध्ये लिहिला तर सरासरीचे सूत्र एकदाच, एका जागी दिसते. संगणक न शिकलेल्या विज्ञानशिक्षकालाही बोट ठेवून सांगता येते, की ‘हे बघा, इथे भागिले ओळींची संख्या.’

दोष आहेतच. व्ह्यू लिहिण्याच्या दोन शैली आहेत आणि शिकवणारे त्यांची बिनदिक्कत भेसळ करतात. दुसऱ्या आवृत्तीचा आधार ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपला, तरी तिच्यावरचे धडे सगळीकडे सापडतात. तिथून उचललेल्या ओळी तिसऱ्या आवृत्तीत चालत नाहीत आणि का चालत नाहीत हे नवख्याला कळत नाही. धडा कोणत्या आवृत्तीचा आहे हे पाहिल्याशिवाय त्यातली ओळ उतरवू नये.

स्वेल्टबद्दल थोडक्यात. रिच हॅरिस या वृत्तपत्रात आलेख-नकाशे करणाऱ्या माणसाने ते २०१६ मध्ये काढले. लिहायला सर्वांत सुटसुटीत. पण ते मुळात भाषांतरकारच असल्याने बांधणी चुकत नाही, आणि भाषांतर झालेले पान उघडून पाहिले तर शिक्षकाने लिहिलेली ओळ त्यात ओळखू येत नाही. चौकस मुलीला दाखवायचे काय? अँग्युलर हे मोठ्या कार्यालयांचे अवजार. त्याचा उल्लेख पुढे वेगळ्या कारणाने येईल.

आता दोलक. येथे चित्र पालटते. तक्ता माणसाने काही केले तरच बदलतो. दोलक सेकंदाला साठ वेळा आपला आपण बदलतो. रिअ‍ॅक्टमध्ये तो करता येतो, पण करताना स्थितीच्या सुंदर कल्पनेला वळसा घालावा लागतो, आणि भौतिकशास्त्राच्या दोन ओळी अवजाराच्या बारा ओळींत बुडून जातात. व्ह्यूचे थोडे बरे, तरी तेच. या कामाला पी-फाइव्ह हवे.

पी-फाइव्हची वंशावळ वेगळी आहे. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये २००१ मध्ये ‘प्रोसेसिंग’ सुरू केले. चित्रकारांना आणि विद्यार्थ्यांना संगणकाकडून चित्रे काढून घेता यावीत हा हेतू. लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये तीच कल्पना ब्राउझरसाठी जावास्क्रिप्टमध्ये आणायला घेतली. दोन कप्पे लिहायचे : सुरुवातीला एकदा करायचे काम एका कप्प्यात, दर चित्राला करायचे काम दुसऱ्यात. बस. दुसरा कप्पा सेकंदाला साठ वेळा चालतो. फाइल मेगाबाइटच्या आसपास, म्हणजे जेक्वेरीच्या मानाने जाडजूड, पण एकच. पेनड्राइव्ह कसोटीत ती पास होते. फक्त बाहेरची छायाचित्रे किंवा आकड्यांच्या फायली पानात ओढायला गेलात तर ब्राउझर अडवतो.

दुसऱ्या कप्प्यात दोलकाचे शास्त्र उघडे पडलेले असते आणि पी-फाइव्हची खरी किंमत इथे आहे. आधी त्वरण काढायचे : गुरुत्वत्वरण भागिले लांबी, गुणिले कोनाची ज्या, उलट चिन्हाने. त्या त्वरणाने कोनीय वेग बदलायचा आणि नव्या वेगाने कोन बदलायचा. दोलक सुरेख झुलत राहतो. आता दोन ओळींची अदलाबदल करा. त्वरण काढल्यावर आधी जुन्याच वेगाने कोन बदला आणि मग वेग बदला. पाहता पाहता झोका मोठा होऊ लागतो! एक मीटर दोरी आणि सेकंदाला साठ पावले धरली तर लहान झोका सुमारे साडेआठ सेकंदांत दुप्पट होतो. ऊर्जा आली कुठून? कुठूनच नाही, प्रत्येक पावलाला आपण वर्तुळाऐवजी त्याच्या स्पर्शिकेवरून चालतो आणि दर वेळी किंचित बाहेर पडतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेवर एक पूर्ण तास या दोन ओळींवर घेता येईल. ज्या अवजारात या ओळी विद्यार्थ्याच्या हाताशी राहतात ते शाळेसाठी चांगले, एवढे आम्ही ठामपणे म्हणू.

तसेच पाठ्यपुस्तकातले सूत्र वापरून केलेला दोलक आणि असा पावलापावलाने मोजलेला दोलक यांतला फरकही दाखवता येतो. सूत्र लहान कोनांपुरते आहे. दोलक साठ अंशांवरून सोडला तर त्याचा दोलनकाल सूत्रापेक्षा सुमारे ७.३ टक्के जास्त येतो. कित्येक तयार पानांत सूत्रच बसवलेले असते आणि मुले साठ अंशांवरही तोच आकडा पाहतात. आतले वाचता येत नसेल तर हे कळणार कसे?

पी-फाइव्हने तक्ता मात्र करू नये. बटणे आणि चौकटी त्यात उपऱ्यासारख्या येतात. शिवाय ते जे काही काढते ते एका कॅनव्हासवर, म्हणजे चित्र म्हणून. त्यावर लिहिलेले मराठी अक्षर डोळ्यांना अक्षर, पण ब्राउझरला रंगाचे ठिपके. ते निवडता येत नाही, मोठे केले तर फाटते, आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-यंत्र त्यावरून मुकाट पुढे जाते. चित्राचे वर्णन जोडायची सोय पी-फाइव्हमध्ये दिलेली आहे, ती वापरायलाच हवी. आणि सूचना, आकडे, प्रश्न कॅनव्हासबाहेर साध्या एचटीएमएलमध्ये लिहावेत. मराठी आकड्यांसाठी तर कोणत्याच अवजाराची गरज नाही. जावास्क्रिप्टला स्थळ म्हणून मराठी सांगितले, की १२.५ हा आकडा ते आपण होऊन देवनागरीत लिहिते.

भूमितीच्या शिक्षकांनी जर्मनीतल्या बायरॉइट विद्यापीठात तयार झालेले जेएसएक्सग्राफ पाहावे. बिंदू ओढला की त्यावर टेकलेल्या रेषा आणि वर्तुळे सोबत हलतात. इथेही अवलंबित्व एकदाच सांगायचे. ते चित्र कॅनव्हासऐवजी बहुधा एसव्हीजी पद्धतीने काढते, त्यामुळे मोठे केले तरी रेषा स्वच्छ राहतात.

अवजारे मरतात, हे शाळांनी एकदा अनुभवले आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये फेट हा प्रकल्प सुरू केला. त्यातल्या पहिल्या प्रतिकृती जावा आणि फ्लॅशमध्ये होत्या. त्या काळी ती निवड शहाणपणाचीच होती. पुढे ब्राउझरांनी जावा अ‍ॅप्लेट चालवणे सोडले, आणि फ्लॅशचा आधार अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी थांबवला. फेटने वेळीच, त्या आधी काही वर्षे, आपल्या प्रतिकृती एचटीएमएलमध्ये नव्याने लिहायला घेतल्या होत्या. त्यांच्याकडे पगारी चमू होता. एकट्या शिक्षकाने फ्लॅशमध्ये केलेला धडा मात्र गेला तो गेलाच. फेटच्या नव्या प्रतिकृतींची रचना अभ्यासण्यासारखी आहे : चित्रे, शब्द, कार्यक्रम सगळे एकाच फाइलीत कोंबलेले. ती उतरवून घ्या, इंटरनेट तोडा, चालते. पेनड्राइव्ह कसोटी दुसऱ्या कोणाला सुचली नसेल असे समजायचे कारण नाही.

फ्लॅश हे एका कंपनीचे बंदिस्त साधन होते, मुक्तस्रोत मरत नाही, असे कोणी म्हणेल. अँग्युलरची गोष्ट आठवावी. गूगलने २०१० मध्ये आणलेले अँग्युलर-जेएस मुक्तस्रोतच होते. २०१६ मध्ये त्याच नावाने आलेली दुसरी आवृत्ती इतकी वेगळी होती, की जुने काम तिच्यात तसेच चालवता येत नव्हते; आणि ३१ डिसेंबर २०२१ नंतर जुन्याला अधिकृत आधारही उरला नाही. फरक एवढाच, की अँग्युलर-जेएसची फाइल शेजारी ठेवलेले पान आजही उघडते, कारण ती अखेर साधी जावास्क्रिप्ट आहे. फ्लॅशच्या पानाचे तसे झाले नाही. जेक्वेरीची पंधरा वर्षांपूर्वीची पाने याच कारणाने चालतात. तिच्यावर टीका करताना हे श्रेय नाकारता येणार नाही.

परवाना वाचायचा कंटाळा सर्वांना असतो, आम्हालाही आहे. तरी एक प्रसंग सांगतो. रिअ‍ॅक्टच्या परवान्याला फेसबुकने पेटंटांविषयी एक पुरवणी जोडली होती : तुम्ही आमच्यावर पेटंटचा दावा लावलात तर आमच्या पेटंटांची तुम्हाला दिलेली मुभा संपली. जुलै २०१७ मध्ये अपाची प्रतिष्ठानने असा परवाना आपल्या प्रकल्पांत निषिद्ध ठरवला, सप्टेंबरमध्ये वर्डप्रेसने रिअ‍ॅक्ट सोडण्याचा इरादा जाहीर केला, आणि त्याच महिन्यात फेसबुकने पुरवणी काढून रिअ‍ॅक्टला साधा एमआयटी परवाना दिला. एवढी मोठी कंपनी नमली, कारण मजकूर खुला होता आणि लोक उठून जाऊ शकत होते. जेक्वेरी, व्ह्यू आणि स्वेल्ट यांचाही परवाना एमआयटीच आहे. पी-फाइव्हचा एलजीपीएल : पान तुमचे तुम्ही हवे तसे द्या, पण पी-फाइव्हमध्येच बदल करून वाटलात तर तो बदल खुला ठेवा. जिओजेब्रा शाळांना परिचित आहे आणि उत्तम आहे, पण तिचा कार्यक्रम खुला असला तरी बाकी साहित्य फक्त अव्यापारी वापरासाठी दिलेले असते. डिसेंबर २०२१ मध्ये बायजूजने ती विकत घेतली, तेव्हा ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ यांतला फरक विचारण्याची वेळ अनेक शिक्षकांवर आली.

अकरावी-बारावीतले काही विद्यार्थी म्हणतील, की नोकरीच्या जाहिरातींत तर रिअ‍ॅक्टच मागतात. खरे आहे, आणि पुढे त्यांनी ते जरूर शिकावे. व्ह्यूमध्ये तक्ता केलेल्याला स्थितीची कल्पना आधीच कळलेली असते. उरते ती फौज सांभाळणे, आणि ते कोणतीही कंपनी पहिल्या महिन्यात शिकवते.

शाळेसाठी आमची निवड अशी : निरीक्षणे, चाचण्या, हिशेब यांना व्ह्यू, हालचालीला पी-फाइव्ह, भूमितीला जेएसएक्सग्राफ. एकच पट्टी आणि एकच आकडा असेल तर यांपैकी काहीच नको, ब्राउझरची स्वतःची सोय पुरे. अवजाराची फाइल इंटरनेटवरून जोडण्याऐवजी उतरवून पानाशेजारी ठेवावी. एप्रिल २०२५ मध्ये पी-फाइव्हची दुसरी मोठी आवृत्ती आली आणि तिने बाहेरच्या फायली आणण्याची जुनी रीत बदलली. तेव्हा शेजारी कोणती आवृत्ती आहे हे पुढच्या शिक्षकाला कळले पाहिजे. पहिल्या मालिकेतल्या फायलींच्या अगदी वरच्या ओळीत आवृत्तीचा क्रमांक आणि महिना लिहिलेला असतो. ती ओळ पुसू नये.